जगदेवरावांची दृष्ट

दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जगदेवराव देवासच्या दवाखान्यात भरती झाले, तेव्हा माईंची खात्रीच पटली की आपल्या नवऱ्यावर कोणाचा तरी डोळा आहे. आता डोळा ठेवावा असं त्या माणसात उरलं होतं तरी काय? एकोणसत्तर वय, चाळीस वर्षं विड्या ओढून चाळण झालेली फुप्फुसं, अन् न्हाणीघरापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा बसावं लागे. पण हे माईंना सांगणार कोण!

दर खेपेला तेच. डॉक्टर ऑक्सिजन लावत, पंप कसा ओढायचा ते शिकवत. पाच-सहा दिवसांत जगदेवराव चहात साखर कमी म्हणून भांडायला लागले की सुट्टी मिळे. माई तासभर आधीच घरी येऊन दारात उभ्या. मुठीत मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या, अन् पायाशी रसरसलेली शेगडी. दवाखान्यातून आलेल्याची दृष्ट काढल्याशिवाय उंबरठा ओलांडू द्यायचा नाही, ही मोहित्यांच्या घरची रीत.

पहिल्या खेपेला मिरच्या जळल्या, पण कोणालाच ठसका लागला नाही. ठसका नाही म्हणजे नजर जबरदस्त! माईंनी आणखी सात टाकल्या. मग जगदेवराव असे खोकले, असे खोकले, की डोळे पांढरे व्हायची वेळ आली. "उतरली गं बाई एकदाची!" म्हणून माईंना आनंदानं रडूच कोसळलं. तिसऱ्या दिवशी जगदेवराव परत भरती.

दुसऱ्या खेपेला जगदेवरावांच्या थोरल्या बहीण, आक्का, धारहून मुद्दाम आल्या. येताना निमाडच्या मिरच्या घेऊन आल्या, कारण देवासच्या मिरचीवर त्यांचा विश्वास नव्हता. अकरा मिरच्या, वरून मूठभर धूप. जगदेवराव दोन्ही हात हलवून "नको, नको" करत होते, तोंडातून आवाज फुटेना. "बघ माई," आक्का म्हणाल्या, "तो नाही नको म्हणत, ती नजर म्हणतेय." दुसऱ्याच दिवशी पुन्हा दवाखाना.

या वेळी डॉक्टर उर्वशीनं माईंना खुर्चीवर बसवलं. पोरगी नातीच्या वयाची. "आंटी, घर में धुआं होता है? चूल्हा? कोई बीड़ी पीता है?"

"छे! गैस है अपने यहां. बीड़ी तो इन्होंने कब की छोड़ दी."

एक अक्षर खोटं नव्हतं. दृष्ट म्हणजे काय धूर आहे?

शेजारी सून उभी होती, नीतू. सासूपुढे कधी तोंड न उघडणारी. "मैडम," ती म्हणाली, "मिर्ची का होता है." अन् सात, चौदा, अकरा असा सगळा हिशोब तिनं सांगून टाकला.

डॉक्टर चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आंटी, अंकल के फेफड़ों में अब ज्यादा जान नहीं बची. एक बार और ऐसा हुआ, तो शायद मैं लौटा न पाऊं."

बाहेर येताच माई कडाडल्या, "घरची लक्तरं वेशीवर टांगलीस!" दिवसभर त्या नीतूशी बोलल्या नाहीत. पण खाटेशी बसून मास्कमागचं ते धाप टाकणं बघताना मनाशी दिवस मोजले गेलेच. एकदा तिसरा दिवस. एकदा दुसरा.

सुट्टीच्या दिवशी माई घरी पुढे गेल्या नाहीत, जगदेवरावांबरोबरच रिक्षात बसल्या. दारात आक्का तयार होत्या. शेगडी फुललेली, मुठीत एकवीस मिरच्या, अन् तमाशा बघायला अर्धी गल्ली. जगदेवरावांनी रिक्षाचा दांडा घट्ट धरला.

"मी उतरत नाही."

"उतरो नी काकासाब, दूसरी सवारी खड़ी है," रिक्षावाला कुरकुरला.

माई उतरल्या. आक्कांची मूठ त्यांनी उघडली, मिरच्या घेतल्या अन् गटारात टाकल्या. मग पदरानं धरून शेगडी गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. परत आल्या तेव्हा आक्का ओरडल्याच,

"माई! आता माझ्या भावाला काही झालं, तर त्याला जबाबदार तू!"

माईंनी नवऱ्याला हात दिला. "वन्सं," त्या म्हणाल्या, "आत्तापर्यंत जे झालं, त्यालाही मीच होते."