विहिरीच्या मोटरचा नंबर

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे बापूंच्या दंडावर रुपयाएवढं सेन्सर चिकटवलंय. रक्तातली साखर उतरली की माझा फोन कोकलतो. गेल्या महिन्यात ते केळीच्या बागेत बेशुद्ध पडले, तेव्हापासून त्यांचा जीव या कोकलण्यावर आहे.

परवा ॲप उघडलं तर इशाऱ्याचा आकडा सत्तरऐवजी ऐंशी. शिवाय सेन्सरला दुसराच एक फोन जोडलेला. लोणखेड्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते, आणि माझ्याच घरात चोर? संताप झाला. पण चोर भलताच होता. वाईट करायचं असतं तर त्याने इशारा बंद केला असता. याने तो लवकर वाजेल असा करून ठेवला होता. असा चोर कोण, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

सुरतेत असलेल्या नवऱ्याला, नवनीतला फोन लावून विचारलं, ॲपचा कोड काय ठेवलास? तो चाचरला. विहिरीच्या मोटरचाच ठेवला म्हणे, लक्षात राहतो म्हणून. मी कपाळावर हात मारला. मोबाईलवरून मोटर चालू करायचा तो नंबर दोनच घरांना ठाऊक आहे. एक आमचं, दुसरं भिंतीपलीकडचं, बन्सीलालकाकांचं. बांधावरच्या निंबावरून बापू आणि काका या दोघा सख्ख्या भावांचं सहा वर्षं बोलणं बंद आहे. विहीर मात्र अजून एकच.

मी तडक गेले. काका ओट्यावर फोन बघत बसले होते. विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही.

"केळीमा पडना तवय तो पयले मालेच दिखना," ते म्हणाले. "वीरसिंगले मीच धाडं. सत्तरवर वाजीसन काय फायदा?"

आमचा सालदार वीरसिंग हे कधी बोलला नव्हता. तरी मी काकांना सुनावलंच. आज तुम्ही आकडा वाढवलात, उद्या दुसरा कुणी तो इशाराच बंद करेल. 

घरी येऊन आधी कोड बदलला, काकांच्या फोनची जोडणी तोडली. मग बापूंना सगळं सांगितलं. ते दंड चोळू लागले.

"नवा नंबर चिठ्ठीवर लिख," ते म्हणाले. "कोनले सांगू नको. मीच दी येस."

चिठ्ठी खिशात घालून ते बाहेर पडले. वीस मिनिटांनी माझ्या ॲपमध्ये दुसरा फोन जोडलेला दिसला, आणि इशाऱ्याचा आकडा पंच्याऐंशी झाला होता. बापू अजून परतले नव्हते.