बंद केलेला मूळ आवाज

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. टेबलावर उभा राहणारा, जड बुडाचा, तोंडावर जाळी असलेला. जाळीला एका बाजूने पोचा आहे. तो एका फुटबॉल सामन्याच्या निकालावर मत देताना आला. मत माझे नव्हते, पोचा मात्र माझ्या वाट्याला आला. माझ्या धंद्यात हे असेच चालते.

माझा जन्म कारखान्यातला. जाळी घट्ट बसवून झाल्यावर एका बाईंनी माझ्या तोंडाशी विचारले, "ऐकू येतंय का गं?" पलीकडच्या खोलीतून दुसरी म्हणाली, "येतंय. पण ओरडतेस कशाला?" एवढ्यावर मी पास झालो आणि खोक्यात गेलो.

पहिली नोकरी एका क्रीडागृहात मिळाली. तिथले निवेदक फार मोजके बोलायचे. कोणाला गुण मिळाला आणि कोणाचा खेळ संपला, एवढेच ते सांगत. कोण जिंकायला हवे होते हे त्यांना कोणी विचारत नसे आणि तेही सांगत नसत. मान होता, शांतता होती. खरे सांगायचे तर थोडा कंटाळाही होता. पुढे तिथे नवीन यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. हवा गेलेले चेंडू आणि फाटकी जाळी यांच्या सोबतीला मी बरेच दिवस धूळ खात पडलो होतो. तिथून मला पंचांनी उचलले.

पंच हे त्यांचे टोपणनाव. क्रिकेट असो, फुटबॉल असो, कॉम्प्युटरवरच्या खेळांची स्पर्धा असो, नाहीतर एखाद्या गायिकेने दुसरीची चाल उचलल्याचे भांडण असो, निवाडा दिल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. रोज दुपारी ते इंटरनेटवर थेट कार्यक्रम करत आणि हजारो लोक तो पाहत. त्यांची मते मी जवळून पाहिली आहेत. सुरुवातीला ते म्हणत, "खुर्चीत बसून बोटं हलवायची, याला खेळ म्हणायचं?" मग गेमिंगवर बोलले की बघणारे वाढतात असे त्यांच्या ध्यानात आले. पुढच्याच आठवड्यात तेच म्हणाले, "बोटांची अशी चपळाई कुठल्या खेळात आहे, दाखवा मला!" दोन्ही वेळा आवाज तेवढाच ठाम होता. मी तर थक्क झालो होतो.

त्यांची खोली म्हणजे त्यांच्या ताईच्या लाँड्रीची मागची बाजू. वरच्या दांड्यांवर लोकांचे कोट, शाली, पडदे प्लास्टिकमध्ये टांगलेले असत. त्यामुळे आवाज घुमत नसे. दुसऱ्यांच्या स्वच्छ कपड्यांखाली बसून पंच दुसऱ्यांचीच धुणी धुवत. ताई इस्त्री उभी करून ठेवायची आणि कार्यक्रमापुरती आवाजाच्या खटक्यांच्या पेटीपाशी येऊन बसायची. आवाज कमी-जास्त करणे, मध्ये टाळ्या सोडणे, हे तिचे काम.

माझ्या पायाशी एक बटण आहे. बोलणाऱ्याला खोकला आला तर दाबून धरायचे, म्हणजे आवाज बाहेर जात नाही. बटण सोडले की माझा तांबडा दिवा पुन्हा लागतो. पंचांना कधीच खोकला येत नसे. तरी ते बटण सारखे वापरत. बाहेर म्हणत, "काय अप्रतिम अभिनय केलाय!" आणि बटण दाबून ताईला म्हणत, "ठोकळा आहे नुसता." म्हणजे लोकांना एक मत मिळे आणि मला दोन.

त्यांची कामाची एक पद्धत होती. कुठलीही चित्रफीत दाखवायची तर आधी तिचा मूळ आवाज बंद करायचा आणि वर आपला आवाज घालायचा. "त्या कलकलाटात माझं म्हणणं बुडतं," असे ते म्हणत. या पद्धतीनेच सगळा घोळ केला.

एक मोठी गेमिंग स्पर्धा चालू होती. एका संघात एक मुलगी होती. खेळात तिचे नाव घार, कारण ती लांबून नेम धरायची. उपांत्य सामन्यात तिने एका बंद दाराकडे बंदूक वळवली, दार उघडून प्रतिस्पर्धी बाहेर आला आणि तिथेच आडवा झाला. संघ अंतिम फेरीत गेला.

पंचांनी त्या क्षणाची एक जोडफीत बनवली. डावीकडे घारीचा चेहरा आणि हात. ते कोणा प्रेक्षकाने सभागृहात फोनवर टिपले होते. उजवीकडे घरोघरी दिसलेले खेळाचे प्रक्षेपण. दोन्हींवर ते टिपतानाची घड्याळातली वेळ होती. पंचांनी घड्याळाला घड्याळ जुळवले, दोन्हीकडचा आवाज बंद केला आणि फीत लावली. डावीकडे घारीने बोटाने कळ दाबली. उजवीकडे दार अजून बंदच! दार उघडले ते नंतर.

"बघा!" पंच माझ्या तोंडाशी एवढे ओरडले की माझी जाळी थरथरली. "दार उघडायच्या आधीच हिला माहीत होतं! कोण सांगत होतं हिच्या कानात?"

तेवढे वाक्य वणव्यासारखे पसरले. पंचांनी स्पर्धेच्या समितीकडे रीतसर तक्रारही केली. समितीने घारीला खेळण्यापासून थांबवले. निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणार होता आणि अंतिम सामना त्याच्या पुढच्या सकाळी. समितीपाशी तिच्या हातांचे दुसरे चित्रण नव्हते. पुरावा म्हणून होती ती पंचांची जोडफीत. आरोप टिकला तर घार कायमची बाद, आणि कपाळावर लबाड हा शिक्का.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कार्यक्रमाला थोडा अवकाश असताना, घार आपल्या आईला घेऊन लाँड्रीत आली. ताईला वाटले गिऱ्हाईक.

"पावती?" ताईने विचारले.

"कपडे नाहीत," आई म्हणाली. "तुमच्या भावाने माझ्या मुलीला डाग लावलाय. तो काढून मिळतो का, ते बघायला आलेय."

ताई त्यांना मागे घेऊन आली. पंच उठले, बसले, पुन्हा उठले. मनात मात्र त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आरोपी स्वतः चालत आली होती, तीही थेट कार्यक्रमाच्या तोंडावर!

"ये मुली, बस. कबूल करायचं असेल तर मी सांभाळून घेईन. लोक माफ करतात."

"काका, मला ती फीत दाखवा. आवाजासकट."

'काका' ऐकून पंचांचा चेहरा उतरला. "आवाजाचा काय संबंध? डोळ्यांना दिसतंय ते पुरे आहे."

"भाऊ," आई म्हणाली, "मला तो खेळ कळत नाही. मेलेली माणसं पुन्हा उठून पळतात, एवढं कळतं. पण माझी मुलगी खोटं बोलते तेव्हा तिचे कान लाल होतात. लहानपणी दूध कुंडीत ओतायची तेव्हापासून बघतेय. काल रात्रभर मी तिचे कानच बघत होते."

"आई, प्लीज!" घार म्हणाली. तिचे कान आता खरोखर लाल झाले होते, पण ते लाजेने.

पंच हसले. "कानांवर निकाल लावायचे का आता?"

"लावू या की," ताई म्हणाली आणि तिने पेटीवरचे दोन्ही खटके वर केले.

फीत सुरू झाली. डावीकडून सभागृहाचा गोंगाट आणि त्यात तिथल्या निवेदकाची आरोळी, "दार उघडलं, आला बाहेर!" घारीने कळ दाबली. काही क्षण गेले. मग उजवीकडून तोच निवेदक, तीच आरोळी, "दार उघडलं, आला बाहेर!" आणि आता उजवीकडचे दार उघडले.

पंच पडद्याजवळ सरकले.

"पुन्हा लाव," पंच म्हणाले. ताईने पुन्हा लावली. पुन्हा तेच. एक आरोळी आधी, तीच आरोळी नंतर.

"घरी दाखवतात ते मुद्दाम काही क्षण उशिरा दाखवतात," घार म्हणाली. "बाहेरून कोणी बघून खेळाडूला खुणा करू नये म्हणून. सभागृहात ते लगेच दिसतं. माझे हात तुम्ही सभागृहातले घेतलेत आणि दार घरातलं. सभागृहात दार आधीच उघडलं होतं, काका. म्हणून मी गोळी मारली. वळले होते ती त्याच्या पावलांच्या आवाजाने. खेळात पावलं ऐकू येतात."

पंचांनी कपाळावरचा घाम पुसला. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा कार्यक्रमाच्या वेळेवर येऊ लागला होता. समितीतले लोक आजचा कार्यक्रम बघणार होते. तसे त्यांनी पंचांना कळवले होते.

"मी समितीला निरोप पाठवतो," पंच म्हणाले. "तांत्रिक गोंधळ झाला म्हणून. आज आपण त्या चाल उचललेल्या गायिकेच्या भांडणावर बोलू."

"आरोप जगासमोर आणि माफी चिठ्ठीत?" ताई म्हणाली. "वा रे माझ्या पंचा."

"ताई, लोक मला फाडून खातील! माझं नाव काय राहील?"

"आणि तिचं?"

घड्याळात वेळ झाली. ताईने हात वर केला. कार्यक्रम सुरू झाला. माझा दिवा लागला.

पंचांनी नमस्कार केला. हवापाण्याचे बोलले. मित्रांनो, माझ्यासमोर बसून त्यांनी हवापाण्याचे बोलण्याची ही पहिलीच वेळ. समोर घार बसली होती. तिचे हात टेबलावर होते आणि बोटे स्थिर ठेवण्यासाठी तिने ती एकमेकांत अडकवली होती. आई दारात पदराचे टोक पिळत उभी होती.

"तर काल," पंच म्हणाले, "काल मी एक फीत दाखवली होती."

त्यांनी डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकले. "मी चुकलो. दोन वेगळ्या वेळांची चित्रं मी एकत्र लावली. या मुलीने काहीही लबाडी केलेली नाही. मी तिची माफी मागतो."

आईने सुस्कारा सोडला. घारीची बोटे सुटली.

मला मात्र माझ्या पायाशी त्यांचा अंगठा जाणवत होता. बटण दाबलेले होते. त्यांनी मुद्दाम दाबले की सवयीने, ते मी आजही सांगू शकत नाही. अंगठा घामाने निसटत होता, तरी सुटत नव्हता.

"अरे," ताई हळूच म्हणाली, "दिवा बंद आहे."

पंचांनी माझ्याकडे पाहिले. एकदा बोलून ते मोकळे झाले होते. तेच आता पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलायचे होते. पडद्यावर लोकांचे निरोप धडाधड येऊ लागले. आवाज गेला का? झोपले का पंच? घाबरले वाटतं!

आई दारातून एक पाऊल आत आली. ताईने तिला डोळ्यांनीच थांबवले. घार फक्त त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

अंगठा उचलला गेला. दिवा लागला.

"मी चुकलो," पंच म्हणाले. या वेळी आवाज चिरका निघाला. "ऐका. मूळ आवाजासकट ऐका." आणि फीत लावून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही खटके वर केले.

ती आरोळी दोनदा बाहेर गेली. पंचांनी वर एक शब्दही घातला नाही.

संध्याकाळी समितीने घारीवरची बंदी उठवली. दुसऱ्या दिवशी ती अंतिम सामना खेळली. त्यांचा संघ थोडक्यात हरला. तिने स्वतः खूप चांगला नेम धरला, असे ताई इस्त्री करता करता गिऱ्हाइकांना सांगत होती. ताईला खेळ किती कळला होता देव जाणे.

पण मित्रांनो, मी क्रीडागृहात गुण मोजणाऱ्या माणसांमध्ये वाढलेला आहे, म्हणून उरलेलेही सांगतो. आरोपाची फीत जितक्यांनी पाहिली, त्यांतल्या फारच थोड्यांनी माफी ऐकली. आजही घारीने लांबून नेम साधला की कोणीतरी चित्रफितीखाली लिहितेच, "कोण सांगत होतं हिच्या कानात?" ते वाक्य पंचांचे असले तरी गेले माझ्यातून. पंचांचे बघणारे कमी झाले. निवाडे ते अजून देतात, पण फीत आधी आवाजासकट लावतात आणि तेवढा वेळ गप्प बसतात. ते गप्प बसलेले बघून ताई दर वेळी हसते.

मी आता म्हातारा झालो आहे. कधी कधी माझ्यातून खरखर येते, आणि नवा माईक घ्यायची बोलणी माझ्यासमोरच चालतात. माझी वायर गुंडाळताना पिळू नका, जाळीवर थुंकी उडाली तर पुसा, तपासायला म्हणून तोंडात फुंकर मारू नका, एवढीच माझी स्वतःसाठी मागणी आहे. दुसरी मागणी त्या मुलीसाठी, आणि तिच्यासारख्या ज्यांना तुम्ही कधी भेटणार नाही त्यांच्यासाठी. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कारखान्याने मला एक बटण दिले आहे. गेलेला आवाज परत आणायचे बटण त्यांनी बसवलेले नाही. मी पायापासून जाळीपर्यंत स्वतःला चाचपून पाहिले आहे. माझ्याकडे ते नाही.