वाढणाऱ्याची बाजू

शिरड शहापूरच्या ग्यानबांच्या घरी जेवणाला दोन पाट समोरासमोर मांडण्याची रीत होती. चुलीच्या अंगाला ग्यानबा बसत, आणि त्यांच्यासमोर, दाराकडे पाठ करून, त्यांचा एकुलता मुलगा संतराम. ग्यानबा देवाघरी गेल्याला दुसरे वर्ष सरत आले होते. तरी संतराम घरी असला की त्याची आई गोजरबाई दोन्ही पाट मांडी. एकावर मुलगा जेवे. दुसऱ्यावर कोणी नसे. जेवण आटोपले की ती दोन्ही पाट सारख्याच आदराने पुसून भिंतीशी उभे करी आणि मग चुलीपाशी स्वतःपुरते वाढून घेई.

त्या साली, म्हणजे एकोणीसशे सेहेचाळीसच्या श्रावणात, संतराम नागपूरच्या कॉलेजातून घरी आला होता तो नापास होऊन. तो बी.कॉम. करीत होता. इतर सर्व विषयांत तो उत्तम उतरला. ज्या हिशेबशास्त्रासाठी एवढ्या दूर गेला, त्याच विषयात पडला. भाद्रपदात त्या एका विषयाची पुन्हा परीक्षा होती. तीत निभावले तर पुढचे शिक्षण. न निभावले तर शिक्षणाला कायमचा रामराम. मात्र परीक्षेला जावे की नाही, हेच त्याच्या मनाशी ठरत नव्हते.

त्याची चूक अज्ञानाची नव्हती, आणि हेच त्याला कोणाला सांगता येत नव्हते. आपल्याकडच्या वहीत जमा डाव्या बाजूला लिहितात आणि नावे उजव्या बाजूला. इंग्रजी पद्धतीत नेमके याच्या उलट. संतरामला दोन्ही पाठ होते. परंतु परीक्षेच्या घाईत त्याचा हात आपल्या जुन्या वाटेने गेला. सगळी खाती त्याने उलटी मांडली. शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज ताडून पाहायची, तिला तेरीज म्हणतात. तीही अचूक जुळली, कारण अथपासून इतिपर्यंत सारेच सारखे उलटे होते. तो समाधानाने बाहेर पडला होता.

हात जुन्या वाटेने का गेला, हे तो जाणून होता. ग्यानबांनी मारुतीच्या देवस्थानाचा हिशेब आयुष्यभर निष्ठेने ठेवला. रात्रीची जेवणे झाली की समोर बसलेल्या लेकराला ते चुलीतली राख दोघांच्या मध्ये पसरून तीवर बोटाने रेघा ओढून खाते शिकवीत. मग वाकून त्याचा डावा हात आपल्या हाती घेत. "हा हात जमेचा. देवानं दिलं, मानसानं दिलं, ते या अंगाला. अन् हा दुसरा हात नावेचा. आपुन कोनाला दिलं, ते या अंगाला." त्या खरखरीत बोटांचा स्पर्श अजून त्याच्या तळहातावर होता. इंग्रजी पुस्तक उघडून जमेची रक्कम उजवीकडे लिहिताना आपण तो हात सोडवून घेत आहोत असे त्याला वाटे, आणि लेखणी अडे.

नागपुरात हे बोलावे असे कोणी नव्हते. तो निजामाच्या मुलखातला, म्हणून तिथली मुले त्याला 'मोगलाई' अशी हाक मारीत. त्यात द्वेष नव्हता, पण जवळीकही नव्हती. गावात तर विषयाचे नावच कोणाला ठाऊक नव्हते. माणसांच्या मध्ये राहून मुक्याने दिवस काढावा, तसा तो दोन्हीकडे राही.

एका संध्याकाळी त्याचे चुलते उकंडराव ओट्यावर सुपारी कातरीत बसले होते. त्यांनी त्याला हाक मारली.

"काय बॅरिष्टर, बसला का मेळ हिशोबाचा?"

"बॅरिस्टर न्हाई काका. बी.कॉम."

"तेच ते. तुझा बा जत्रंचा समदा हिशोब बोटावर करायचा. त्याला कोन्तं नागपूर लागलं?"

"तिकडं आपल्या डावीकडचं उजवीकडं लिवतात, काका."

उकंडरावांचा अडकित्ता थांबला. "मंग उर्दूवानी लिवून राहिले म्हनायचे ते. पाह्य रे देवाची करनी. हिंगोलीत उर्दू शिकला, नागपुरात इंग्रजी, अन् नापास झाला मराठीत."

संतरामला हसू आले. गेल्या कित्येक दिवसांत त्याची चूक इतकी नेमकी कोणी सांगितली नव्हती. पण उकंडराव लगेच गंभीर झाले.

"हे बघ, वैनी एकटी हाये. बटईनं दुसऱ्याच्या हाती देलेलं शेत धन्याला वळखत न्हाई. परीक्षेची तकलीफ काहून घेतू? राहा हितंच. तुला कोनी नाव ठेवनार न्हाई."

नाव ठेवणार नाही, हे खरेच होते. तेच मनात घोळवीत संतराम घरी आला तेव्हा चूल थंड होती आणि गोजरबाई घोंगडी पांघरून पडली होती. दिवसभर परसातल्या हळदीच्या वाफ्यांत खुरपून तिला कणकण भरली होती.

"ऊठ माय, मी करतो," तो म्हणाला.

"तुला काय येतं रे?"

"नागपुरात कोन करून घालतं मला?"

त्याने भाकरी थापल्या, वरण केले, दोडक्याची भाजी फोडणीस टाकली. मग आईला हात धरून आणले आणि आपल्या नेहमीच्या पाटावर बसवले. पाट मांडताना सवयीने त्याने दुसराही मांडला होता. चुलीकडून वाढायचे, म्हणून तो त्या रिकाम्या पाटाशेजारी ओणवा झाला. मीठ, लिंबाची फोड, चटणी त्याने ताटाच्या डावीकडे मांडली, भाजी उजवीकडे. ताट पुढे सरकवले.

गोजरबाईने ताटाकडे पाहिले. दोन्ही हातांनी ते अर्धे फिरवले, आणि मीठ जिथे असावे तिथे तिच्या डाव्या हाताशी आले.

"काय चुकलं, माय?"

"चुकलं न्हाई. तू तुझ्या अंगानं वाढलंस. वाढनाराचं डावं ते जेवनाराचं उजवं आसतं, लेकरा." तिने घास घेतला. "तुझा बा तुला शिकवायचा, तवा राखंत अक्षरं उलटी काढायचा. तुला सुलटी दिसावी म्हनून. मी हसायची, तर म्हनायचा, मला कुठं वाचायचं हाय?"

संतराम तिथेच थांबला. वडील अक्षरे उलटी काढतात हे त्याने पाहिले होते. वडिलांच्या हाताची ती एक गंमत आहे, एवढेच त्याला वाटत आले होते. त्या राखेतली जमा त्याच्या डाव्या हाताशी होती, म्हणजे शिकवणाऱ्याच्या उजव्या हाताशी होती. खाते तेच, रेघ तीच. वडील मात्र ते सदैव पलीकडून पाहत आले होते. इंग्रजी पुस्तकातले पान म्हणजे वडिलांच्या या पाटावरून दिसणारे पान.

तो हळूच त्या पाटावर बसला. गोजरबाईने मान वर केली नाही. ग्यानबा गेल्यापासून तिच्यासमोर त्या जागी प्रथमच कोणी बसले होते. तिचा हात क्षणभर ताटात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

पुढचे दिवस तो त्याच पाटावर पुस्तक घेऊन बसला. लेखणी अडली नाही. हात कोणाच्या हातून सुटतो आहे असेही वाटले नाही.

भाद्रपद लागला. नागपूरला जायला हिंगोलीहून वाशीमकडे जाणारी मोटार गाठायची, म्हणून पहाटे बैलगाडी सांगितली होती. आदल्या रात्री त्याने आईला आपल्याबरोबरच जेवायला बसवले. ती आधी नको म्हणाली, मग पदर सावरून बसली. मीठ वाढताना त्याने मनाने तिच्या पाटावर जाऊन पाहिले, आणि ते तिच्या डाव्या हाताशी ठेवले.

"माय, करमंल का तुला?"

"न करमाया काय झालं? हळद हाये, परसातलं काम हाये. उकंडराव भावजी येऊन जातील टोमणे मारत." मग ती म्हणाली, "पास झाला की चार दिस रहाया ये."

"येतो."

"अन् नापास झाला तरी ये."

जेवण झाल्यावर तिने दोन्ही पाट पुसले आणि भिंतीशी उभे केले. संतराम दिव्यापाशी बसून पाहत होता. उद्यापासून या घरात एकच ताट मांडले जाणार होते. वाढणारी तीच, जेवणारीही तीच. डाव्या-उजव्याची चूक तिथे कधीच व्हायची नव्हती.