आईची खुर्ची कुणी फिरवली?

एव्हरशाईन सिटीतल्या एका हॉलमध्ये रविवारी दुपारी दोनशे माणसं एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करत होती. कुणाची रामरक्षा, कुणाची रोझरी, सगळ्याचा मिळून नुसता गलका. मधोमध खुर्चीत आमच्या ओळखीच्या यमुनाकाकू गप्प बसल्या होत्या. खुर्चीतल्या माणसाने तोंड उघडायचं नाही, हा गेलेल्यांशी बोलणं घडवून आणणाऱ्या विलासदादांचा नियम. एकाएकी काकू रडत उठल्या. "बोलले! 'यमुना, गोळी घेतलीस का?' म्हणाले!" त्यांच्या नवऱ्याला, प्रल्हादकाकांना, जाऊन वर्ष झालं होतं. हॉलभर टाळ्या वाजल्या.

"वरचं नेटवर्क कधी डाऊन नसतं," दादा माईकवर म्हणाले. "फक्त श्रद्धा फुल चार्ज पाहिजे!"

आत येताना मोबाईल लॉक उघडून ताटात ठेवायचा. का, तर लहरी अडतात म्हणे. बायकोलाही पासवर्ड न सांगणारे लोक इथे मुकाट्याने ठेवत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला ते ताट बघूनच संशय आला.

माझी आई प्रिस्का भुईगावची. बाबा गेल्यापासून माझा भाऊ एरॉल तिला चार महिने इथे आणत होता. सगळ्यांची माणसं बोलत, फक्त बाबा बोलत नव्हते. "अँथनीभाऊ रागावलेत," दादांचं निदान. "वाडी मुलाच्या नावावर करा, बोलतील." आई झुरून अर्धी झाली होती. आज ती वाडीचे कागद पर्समध्ये घालूनच निघाली, म्हणून मी हट्टाने सोबत आले.

"हॉस्पिटलात न्यायला मीच उशीर केला गो, मर्लिन," ती म्हणाली. "म्हणूनच ते बोलत नाहीत."

तिची पाळी आली. एरॉलने खुर्ची उचलली आणि तोंड दाराकडे करून उलटी ठेवली. "प्रत्येकाची दिशा वेगळी असते," तो म्हणाला. गलका उसळला. आई पाच मिनिटं बसली, काही न ऐकता उठली आणि पेन शोधू लागली.

गलका अजून चालूच होता. मी पटकन त्या खुर्चीत बसले आणि, खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. डावीकडून बाबांचा आवाज येत होता! मी डावा कान तळव्याने दाबला. आवाज गलक्यात बुडाला. हात काढला, तो परत आला.

मग उठून डावीकडच्या फुलदाणीत हात घातला आणि मुठीएवढा स्पीकर बाहेर काढला. लोक एकेक करून गप्प झाले. त्या शांततेत बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रिस्का, उशीर झाला तर झाला. तू मनाला लावून घेऊ नको."

"दादा, आता लहरींचं सांगा," मी म्हटलं. दादा मागच्या दाराकडे निघाले होते.

मी लोकांना समजावलं. बाजूने येणारा आवाज एका कानाला आधी आणि मोठा पोचतो, दुसऱ्याला किंचित उशिरा आणि हळू. त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो आणि गलक्यातून तेवढा एक आवाज वेगळा काढतो. बाकीचे स्वतःच ओरडत असतात, त्यांना तो ऐकू येत नाही. तुमच्या माणसांचे व्हॉइस मेसेज त्या ताटातल्या मोबाईलमधून घेतलेले.

"मग मला का नाही ऐकू आलं?" आईने विचारलं.

आई लहानपणापासून डाव्या कानाने ठार बहिरी आहे. खुर्ची सरळ असती, तर स्पीकर तिच्या चांगल्या कानाकडे आला असता. हॉलमध्ये तिच्या कानाचं दोघांनाच माहीत होतं, मला आणि एरॉलला. आणि बाबांचा तो मेसेज मी कधीच ऐकला नव्हता.

"हॉस्पिटलातून मला पाठवलेला," एरॉल खाली बघत म्हणाला. "तुला ऐकवायला. सही झाली की खुर्ची सरळ ठेवून ऐकवणारच होतो, आई."

आईने स्पीकर उजव्या कानाशी धरला, पुन्हा एकदा सगळं ऐकलं आणि कागद फाडले.

"चार महिने मी माफी मागत होते, पोरा," ती त्याला म्हणाली. "ती तुझ्या खिशात होती."

दादांसारखे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हात जोडून सांगते. आवाज ओळखीचा वाटला, तरी तो कुठून येतोय ते उठून बघा. खुर्ची आपल्याच माणसाने मांडून दिली असली, तरीही बघा.