पाखरकड्यावरची कारवी

भाद्रपद ओसरत आला होता. ओलं, जडशीळ आकाश डोंगरांच्या खांद्यांवरून उतरून गेलं होतं आणि त्याच्या जागी आलं होतं शरदाचं निरभ्र, निर्मळ, निष्ठुर निळेपण. निर्मळ, कारण त्यात ढगाचा डाग नव्हता. निष्ठुर, कारण त्यातून सारं काही स्पष्ट दिसत होतं. दूरचा पाखरकडा दिसत होता, त्याच्या अलीकडची बैलखिंड दिसत होती, खिंडीकडे चढत गेलेली तृणश्यामल सोंड दिसत होती. हेमलता परसदारच्या पायरीवर बसून ते बघत होती, आणि त्या पायरीपर्यंत येतानाच तिला दम लागला होता.

फुप्फुसं आखडत चालली होती. "पुढच्या पावसाळ्याचं आत्ताच काही बोलू नये," एवढंच डॉक्टर म्हणाले होते, आणि वामनरावांनी घरी येऊन छत्र्या माळ्यावर टाकून दिल्या होत्या. पाऊस संपायचा होता तरी.

आणि यंदा पाखरकड्यावर कारवी फुलणार होती. सात वर्षं मुकी, सात वर्षं हिरवी, सात वर्षं नुसती काठ्यांची दाटी होऊन राहिलेली कारवी. आता आठव्या वर्षाच्या तोंडावर ती एकदम, एकाच वेळी, कड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटून उठणार होती आणि फुलून मरणार होती. मागच्या वेळी ती दोघं तिथे होती. धुक्यात, झिरमिरत्या पावसात, मधमाश्यांच्या गुंजारवात. हेमलता म्हणाली होती, जांभळी. वामनराव म्हणाले होते, निळी. त्यावरून जे जुंपलं, ते सात वर्षं जुंपलेलंच होतं. फोटोत ती करडी आली होती, त्यामुळे निकाल लागला नव्हता. चहात साखर कमी पडली तरी वामनराव म्हणत, "जांभळं दिसणाऱ्या डोळ्यांना साखर कुठून दिसणार!" आणि हेमलता म्हणे, "फुलू दे परत, मग बघते तुमच्याकडे."

आता ती परत फुलत होती.

पितृपक्षातल्या एका पिवळ्याजर्द दुपारी दरवर्षी डोंगर भटकणाऱ्या पायवाट मंडळाची माणसं हेमलतेच्या परसात जमली. शुभकार्यं बंद असतात त्या दिवसांत. पण भटकणं हे काही शुभकार्य नव्हे, असं हार्डवेअरवाले शेटेभाऊ दरवर्षी सांगत आणि दरवर्षी एकटेच हसत. शरदातल्या भटकंतीचा बेत इथे कागदावर होत नसे, मातीत होई. गणपती बादलीत विसर्जित झाले की सगळ्या घरांतली शाडूची माती हेमलतेकडे येई. त्या मातीचे डोंगर होत, त्या मातीच्या दऱ्या होत. ज्या मातीत काल देव होता, त्या मातीतून आज पाखरकडा उभा राही. मग लाल लोकरीचा धागा मातीवर अंथरून वाट ठरे, आणि धाग्याच्या मागे, चालण्याच्या क्रमाने, प्रत्येकाच्या नावाचा एकेक खडा लागे.

सर्वांत पुढचा खडा हेमलतेचा. मंडळाचा नियम एकच होता, आणि तो तिनेच घातलेला. एकदा धुक्यात एक बाई मागे राहून चुकली, दिवसभर रडत हिंडली, तेव्हापासूनचा. ज्याची चाल सर्वांत संथ, तो सर्वांत पुढे, आणि पुढच्याला ओलांडून कुणी जायचं नाही. त्या काळी हेमलता इतकी चपळ होती, की तिला सदैव शेवटी राहावं लागे, आणि शेवटून ती साऱ्यांना टोमणे मारत येई. गेली काही वर्षं ती पुढे चालत होती. तिच्या एक पाऊल मागे वामनराव. ती थांबली की ते थांबत, ती चालली की ते चालत, आणि त्यांच्यामागे सारं मंडळ डोंगर चढे.

धागा प्रथम पाखरकड्यावर ठेवला गेला. मग शेटेभाऊंनी गुडघा चोळला.

"यंदा हा लेकाचा फार कुरकुरतोय. कडा नको बुवा. खिंडीपर्यंत ठेवू."

"खिंड तरी कशाला?" नलूताई म्हणाल्या. त्या जन्मभर नर्स होत्या आणि खोटं बोलताना त्यांचा आवाज मऊ होई. "मला हल्ली उंचावर गरगरतं. सोंडेच्या पायथ्याशी देऊळ आहे ना, छान आहे की ते."

कुणाची टाच दुखू लागली, कुणाची कंबर धरली. धागा कड्यावरून खिंडीत उतरला, खिंडीतून सोंडेवर, सोंडेवरून देवळापाशी. देवळापाशीही तो टिकेना. शेवटी तो कालव्याच्या सपाट, सरळ, सोप्या काठावर येऊन पडला. दुखणं एकीचं होतं, आणि कण्हत होते सगळे.

हेमलता ते बघत राहिली. तिला भरून आलं, आणि तिला संतापही आला. एवढी माया आपल्या वाट्याला आली याचं भरून आलं, आणि त्या मायेने कारवीवर पाणी सोडलं याचा संताप.

"शेटेभाऊ," ती म्हणाली, "काल याच गुडघ्याने तुम्ही दुकानाच्या माळ्यावर चढून रंगाचे डबे उतरवत होतात. मी रिक्षातून बघितलं."

शेटेभाऊंचा हात गुडघ्यावरच राहिला.

तिने वाकून आपला खडा उचलला. ओल्या मातीत त्याची खळी तशीच राहिली. "मी यंदा येत नाही. आता लावा धागा वर."

"डोली करू आपण," शेटेभाऊ घाईघाईने म्हणाले. "चार गडी मी आणतो."

"उचलून न्यायला मी काय देव आहे? चालवत नाही, तर जायचं नाही. तुम्ही जा, डोळे भरून बघा, आणि आमच्या भांडणाचा निकाल घेऊन या. सात वर्षं थांबलेय मी त्याच्यासाठी."

वामनराव मातीतल्या त्या खळीकडे बघत होते.

नको नको, असं सगळे दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा कुणी म्हणालं नाही. धागा उचलला गेला. तो देवळावरून सोंडेवर चढला, सोंडेवरून खिंडीत, खिंडीतून थेट पाखरकड्याच्या माथ्यावर, आणि धाग्याबरोबर आवाजही चढत गेले. बोलण्यात पाण्याच्या बाटल्या निघाल्या, दशम्या निघाल्या, पहाटेची एस.टी. निघाली. हेमलतेला वाटलं होतं, आपल्याला बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तिने तो खडा मुठीत इतका घट्ट धरला, की त्याची कड तळव्यात रुतली.

मग कुणीतरी विचारलं, आता पुढे कोण? सगळ्यांनी वामनरावांकडे बघितलं. हेमलतेच्या मागोमाग चालणारे तेच होते. त्यांचा खडा पहिला लागला.

आश्विन उगवला. पहाटेच्या पांढुरक्या, दवभिजल्या उजेडात मंडळी गेली. जाताना वामनरावांनी तिच्या उशापाशी औषध ठेवलं, पाणी ठेवलं, आणि दारातून परत येऊन पाण्याचा पेला थोडा अलीकडे सरकवला. ती म्हणाली, "निळी दिसली तरी खरं सांगा हं." ते म्हणाले, "निळीच दिसणार आहे."

तो दिवस तिने पायरीवर काढला. ऊन सोन्याचं झालं, ऊन चांदीचं झालं, ऊन पुन्हा सोन्याचं झालं. आता सोंडेवर असतील, ती मनात म्हणे. आता खिंडीत, आता कड्यावर. आता त्या निळ्या-जांभळ्या, मधुगंधी, मर्मरत्या दाटीत छातीपर्यंत बुडाले असतील. समोर परसात शाडूचे डोंगर वाळत होते. कडा मधोमध तडकला होता आणि लाल धागा त्या तड्यावर लोंबत होता. ती स्वतःशीच हसली, आणि हसण्यानेही तिला खोकला आला.

संध्याकाळी मंडळी परतली. दिवेलागणीला अजून अवकाश होता. नलूताई वामनरावांबरोबर आत आल्या आणि खांबापाशीच थांबल्या. वामनराव तिच्याजवळ पायरीवर बसले.

"जांभळी," ते म्हणाले. "तुझंच खरं, हेमा. अगदी जांभळी."

कारवीतून आलेल्या माणसाच्या अंगाला तिचा उग्र, चिकट, गोडसर वास दोन धुण्यांनीही जात नाही. हेमलतेने त्यांच्या बाहीला नाक लावलं. बाहीला घामाचा वास होता, एस.टी.चा वास होता. कारवीचा नव्हता. तिने नलूताईंकडे बघितलं.

"आम्ही खिंडीच्या वर गेलोच नाही, ताई," नलूताई मऊ नव्हे, सरळ आवाजात म्हणाल्या. "वामनराव पुढे होते. दहा पावलं झाली की थांबायचे. तुम्ही थांबता तसे. मग श्वास मोजल्यासारखे उभे राहायचे, मग चालायचे. ओलांडायचं नाही म्हणून कुणी ओलांडलं नाही. कुणी बोललंही नाही. खिंडीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती. शेवटची गाडी गाठायची तर परतायलाच हवं होतं. वरून गुराखी येत होता, तो म्हणाला, फुलं गळायला लागलीत, उद्या-परवा काही राहायचं नाही."

"मी पाय उचलत होतो गं," वामनराव म्हणाले. "पुढे तू नाहीस, हे मला ठाऊक होतं. पायांना नव्हतं."

हेमलतेने सोडलेलं सारं फुकट गेलं होतं. ती गेली नव्हती, आणि तिच्या चालीने सगळं मंडळ मात्र तिच्यासारखंच मध्येच थांबलं होतं. पण तिच्या काळजात जे रुतलं ते हे नव्हे. सात वर्षं एका रंगापायी तसूभर न हटलेला हा माणूस आज न बघता, न भांडता हरला होता. डॉक्टरांनी जे अर्धं बोलून सोडलं होतं, ते त्याने पुरं करून टाकलं होतं.

"निळी म्हणा," ती म्हणाली. "भांडा ना हो. एकदा निळी म्हणा."

वामनरावांनी मान वळवून दूर बघितलं.

समोर पाखरकडा उभा होता. त्याच्यावर कारवी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुललेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गळत चाललेली. इतक्या दुरून ती निळी होती की जांभळी, ते कळत नव्हतं. दोघं तिकडे बघत राहिली. आधी सोंड विझली, मग खिंड विझली, मग कडा काळा झाला, आणि काळ्यावरून कुणी भांडत नाही.