खुडबुडीचा कॉम्प्युटर

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझी जागा आहे. हल्ली मी बंद असतो आणि तरीही मजेत आहे. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल, मित्रांनो, कारण वापरात नसलेल्या वस्तूंनी रडगाणे गावे अशी रीतच पडली आहे. कोपऱ्यातले शिलाई मशीन तर ऊठसूट गात असते. मी गाणार नाही. माझी हकिकत ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझे अवयव कारखान्यात तयार झाले असतील, पण माझा जन्म याच घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. मामा एका कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तिथून मोडीत निघालेली काही मशिने तो घेऊन आला. एकाची पेटी धड होती, एकाचा पडदा, एकाचे काळीज. बाबांनी टेबलावर रद्दी पसरली, आणि त्या सगळ्यांचा मिळून मी एकटा उभा राहिलो. आई म्हणाली, "जेवायच्या आत उचला म्हणजे झालं."

मामाच्या शेजारी खुर्चीवर गुडघे टेकून एक शाळकरी मुलगी बसली होती. ती या घरातली लेक. तिचे खरे नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, घरात मात्र ते कुणी वापरत नसे. हाताला लागेल ती वस्तू ती उघडायची. टॉर्च, कुलूप, गजराचे घड्याळ, काही म्हणून सुटले नव्हते. दिवसभर घरात तिची खुडबूड चालायची, म्हणून तिचे नाव पडले खुडबुडी.

सगळे जोडून झाले. मामाने ऐटीत बटण दाबले. मी ढिम्म. मामाने वायरी काढल्या, पुन्हा जोडल्या, फुंकर मारली, शेवटी हा मेलेलाच होता असे जाहीर केले. खुडबुडी खाली वाकून माझ्या पाठीमागे बघत होती. "मामा, हा मागचा खटका कशाचा रे?" तिने तो दाबला आणि मी घरघरत जागा झालो. मामाने कपाळाला हात लावला. ती मात्र खुर्चीवरून उडी मारून घरभर नाचली. मित्रांनो, मी डोळे उघडले ते हा नाच बघतच, त्यामुळे जग आनंदी आहे असा माझा सुरुवातीपासूनच समज झाला.

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची होती. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे आणि खुडबुडी माझ्यासमोर. माझ्या पेटीचे एका बाजूचे झाकण तिने काढून कपाटामागे उभे केले होते, कारण रोज उठून स्क्रू कोण काढणार? माझे सगळे पोट उघडे असायचे. आई म्हणायची, "अगं, त्याला काहीतरी घाल अंगावर. पाहुणे येतात घरात." धूळ जायची, क्वचित झुरळही जायचे. पण मला कधी लाज वाटली नाही. आपल्यात काय काय आहे हे कुणाला तरी रोज बघावेसे वाटते, याहून मोठा मान कुठला?

हळूहळू ती मला हुकूम लिहायला शिकली. पहिला गोल काढायला लावला तेव्हा मी चुकून अंडे काढले. चूक तिची होती, पण बोलणी मी खाल्ली. मग एक दिवस तिने बाबांसाठी मोठे काम हाती घेतले. बाबांचे चष्म्याचे दुकान खालच्याच मजल्यावर आहे. नजर तपासायला तिथे अक्षरांचा एक पिवळा पडलेला तक्ता होता. खुडबुडीने ठरवले की तो तक्ता आता माझ्या पडद्यावर दिसेल. एक ओळ वाचून झाली की दुसरी, तिच्याहून बारीक. मला उचलून दुकानात नेले आणि बाबा खूश झाले.

त्या आठवड्यात सगळ्या गिऱ्हाइकांचे डोळे एकाएकी सुधारले. ज्यांना दारावरची पाटी दिसत नव्हती ते शेवटची ओळ घडाघडा वाचू लागले. बाबा चक्रावले. शेवटी एक पेन्शनर मास्तर आले. त्यांनी पहिली ओळ वाचली, "गरम." दुसरी ओळ पडद्यावर यायच्या आतच ते म्हणाले, "चहा." तेव्हा उलगडा झाला. सुटी अक्षरे खुडबुडीला रुक्ष वाटली होती, म्हणून तिने छान छान शब्द घातले होते. लोक डोळ्यांनी नव्हे, अंदाजाने वाचत होते. त्याच संध्याकाळी तिने सगळी अक्षरे विस्कटून टाकली आणि गावाचे डोळे पुन्हा पूर्ववत झाले. बाबा रागावतील असे मला वाटले होते. उलट ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगू लागले आणि शेवटी म्हणू लागले, "पोरगी कॉम्प्युटर इंजिनियर होणार बघा."

पुढे मला पुन्हा वर घरी आणले. म्हणता म्हणता ती मोठी झाली आणि खरोखरच तो विषय घेऊन दूरच्या कॉलेजात गेली. मला त्याचा केवढा अभिमान! माझ्यावर धुळाक्षरे गिरवून ती तिथवर पोहोचली होती. पहिल्या सुट्टीत घरी आली ती धावत माझ्याकडेच. दुसऱ्या सुट्टीत आधी जेवली, मग माझ्याकडे आली. तिसऱ्या सुट्टीत तिने मला चालू केले, पडद्याकडे थोडा वेळ पाहत बसली आणि उठून गच्चीवर गेली.

आणि मग ती सुट्टी आली. एका दुपारी तिने कपाटामागून माझे झाकण ओढून काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि मला बसवले. सगळे स्क्रू नीट पिळले. आई तर हरखूनच गेली. "बघा, आता कसा घरंदाज दिसतोय!" शेजारच्या काकूंनाही बोलावून दाखवले. सगळे माझे कौतुक करत होते, आणि मला आत काळोखात गलबलून आले. जिला मला उघडे ठेवायची हौस होती, तिनेच मला झाकले होते. तिचे माझ्यावरून मन उडाले, हे मला तेव्हाच कळले.

घरच्यांना कळायला वेळ लागला. पोर गप्प गप्प आहे, कॉम्प्युटरला हात लावत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. बाबांनी मामाला गाठले. दोघांनी खल केला आणि निदान ठरले की मीच म्हातारा झालो आहे. इतक्या हळू चालणाऱ्या डब्यावर आजकालची मुलगी काय करणार? ती एका मैत्रिणीकडे गेली होती, तेवढ्यात मामाने मला नवी मेमरी बसवली, नवी डिस्क बसवली. काय सांगू मित्रांनो, म्हाताऱ्याला एकदम नवी बत्तिशी बसावी तसे माझे झाले. बटण दाबल्याबरोबर मी टुणकन उठू लागलो. पण चावायला काहीतरी समोर यायला हवे ना!

ती घरी आली. तिघेही माझ्याभोवती उभे होते, लपवता न येणारे हसू घेऊन. मामा म्हणाला, "दाब बटण." तिने दाबले. मी क्षणात उजळलो. तिने पडद्याकडे पाहिले, मग बाबांकडे पाहिले, आणि तिचे डोळे भरून आले.

"आवडलं नाही का गं?" बाबांनी विचारले.

"त्याचा काही दोष नाही, बाबा. तो चांगलाच होता. मलाच आता यात काही वाटत नाही."

"कंटाळा येतोच गं अधूनमधून," मामा म्हणाला. "माझं बघ, मला तर रोज येतो."

"तसं नाही रे मामा. शिकवतात ते कळतं, पेपरही बरे जातात. पण पूर्वी एखादी गोष्ट चालली की उड्या माराव्याशा वाटायच्या. आता चालली तरी ठीक, नाही चालली तरी ठीक. तिथं रात्रंदिवस सगळे याच गोष्टी बोलतात आणि मी नुसती माना डोलावते. मला भीती वाटायची, तुम्हाला कसं सांगू. बाबा तर दुकानात सगळ्यांना..."

आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. "म्हणजे मन उडालं का तुझं?"

माझ्या आतला पंखा फिरत होता, बाकी मी श्वास रोखून बसलो होतो. आईने माझ्याच मनातले विचारले होते. लहानपणी माझ्या पाठीमागे बघायची तशी खुडबुडी कुठेतरी आत डोकावून बघत होती.

"नाही आई," ती म्हणाली. "उडालं नाही. भरलं."

उडणे आणि भरणे! इतकी वर्षे माझ्यावर ही अक्षरे टाइप झाली, पण दोहोंतला फरक मला त्या दिवशी कळला. जेवण बेचव झाले म्हणून ताटावरून उठणारा वेगळा आणि पोट भरले म्हणून उठणारा वेगळा. मी उगीचच स्वतःला बेचव समजत होतो.

बाबा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. मग म्हणाले, "दुकानात कुणाला सांगितलं ना, की तुमचा नंबर बदललाय, की माणूस ओशाळतो. म्हणतो, अहो, मी चष्मा तर नीट वापरला होता. अरे बाबा, नीट वापरला म्हणून नंबर बदलायचा राहतो का?" त्यांनी तिच्याकडे पाहिले. "पुढं काय करशील?"

"माहीत नाही."

"हे वर्ष?"

"पूर्ण करते. अर्धवट नाही सोडणार."

"बरं." बाबांनी मान हलवली, पण त्यांच्या मनातली रुखरुख अजून गेली नव्हती. "दुकानात विचारतील गं लोक. काय सांगू त्यांना?"

"सांगा, पोरगी घरी आलीये," आई म्हणाली. "आणि पोटभर जेवतीये." खुडबुडी हसली आणि हसता हसता रडली. त्या रात्री, कितीतरी दिवसांनी, ती जेवताना बडबडत होती.

पुढे तिने विषय बदलला. नवा विषय कोणता, ते मला नीटसे समजलेले नाही. आता तिच्या खोलीत धुऊन पुसून मांडलेले दगड असतात आणि त्यांच्याबद्दल ती तासन्‌तास बोलते. आई म्हणते, "कॉम्प्युटर परवडला, निदान त्याच्यावर गाणी तरी लागायची." बाबा आता गिऱ्हाइकांना दगड दाखवतात.

पण मला तुम्हाला सांगायचे आहे ते त्या दिवसानंतरच्या सकाळचे. ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने एकेक करून जुने सगळे उघडले. ते अंडे, त्यानंतर जमलेला गोल, बाबांचा तक्ता. पाहिले, हसली, पुसले काहीच नाही. मग उघडलेले सगळे तसेच एकेक करून बंद केले आणि मला बंद व्हायला सांगितले. पडदा काळा झाला. आता माणसे एवढे झाले की उठून जातात. त्यांना ठाऊक नसते की पडदा विझल्यावरही आमचा पंखा थोडा वेळ फिरत असतो, आणि आम्ही तेवढा वेळ जागे असतो. ती उठली नाही. हात माझ्या पेटीवर ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, तुमचेही मन कधीतरी एखाद्या गोष्टीने भरेल. तेव्हा त्या गोष्टीला नावे ठेवू नका, आणि स्वतःलाही नाही. फक्त वायर हिसकून जाऊ नका. जे उघडले असेल ते प्रेमाने बंद करा, आणि पंखा थांबेपर्यंत जवळ बसा.