रानसशाचं पोट

वेंडलने तोंड खिडकीकडे फिरवलं, श्वास रोखला आणि कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा पिल्लाच्या बुडाला लावला. रानसशाचं पिल्लू, मुठीत मावेल एवढं, टॉवेलात गुंडाळलेलं. बोळा वर आला तेव्हा त्याला लागलेलं हिरवट-पिवळं, चिकट, नासलेल्या दुधाच्या वासाचं ते काहीतरी वेंडलच्या अंगठ्यावर उतरलं. त्याच्या घशातून चमत्कारिक आवाज आला.

"नीट बघून पूस," दाराशी खुर्ची टाकून बसलेली त्याची बायको आर्लीन म्हणाली. "डोळे मिटून पुसलंस तर सोलून काढशील त्याला."

"बघितलं तर सकाळची अंडी बाहेर येतील."

"येऊ देत. मग तीही पूस."

कपडे धुण्याची ही मागची खोली म्हणजे आर्लीनचं राज्य. वसंतात ओहायोतल्या अंगणाअंगणातून गवत कापायची यंत्रं फिरू लागली, की लोक अनाथ पिल्लं खोक्यात घालून तिच्याकडे आणून देत, आणि ती त्यांना जगवून रानात सोडून देई. हिवाळ्यात वेंडल त्यांच्यातल्याच काहींची बंदुकीने शिकार करी आणि सोलूनही आणी. रक्ताचं त्याला काही वाटत नसे. घाणीचं मात्र नावही काढायला नको. स्वतःच्या दोन मुलांचे लंगोट त्याने कधी बदलले नव्हते. घरात वास सुटला की त्याला नेमकं अंगणातलं काम आठवे. काढता पाय घेण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

पण गेल्या महिन्यात आर्लीनच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या पोटावर पिशवी आली. पुढचे काही महिने तरी शौचाचं सगळं त्या पिशवीतच व्हायचं होतं. ती कशी बदलायची हे नर्सने इस्पितळात दाखवायला घेतलं, आणि वेंडल तोंडावर हात दाबून बाहेर पळाला तो थेट गाडीत जाऊन बसला. घरी आल्यावर आर्लीनने मुलीच्या जुन्या खोलीत अंथरूण घातलं, न्हाणीघराला आतून कडी लावायला सुरुवात केली आणि डेटनला राहणाऱ्या बहिणीला, नॉर्माला, फोन केला. नॉर्मा रविवारी तिला न्यायला येणार होती. किती दिवसांसाठी, ते कोणीच बोललं नव्हतं. रिकाम्या घरात आपण एकटेच कॉफी पीत बसलो आहोत हे चित्र वेंडलच्या डोळ्यांपुढून हलत नसे. पण थांब म्हणायला त्याला तोंड कुठे उरलं होतं?

अशात शेजारच्या ग्रेटाने खोकं आणून ठेवलं. तिच्या कुत्र्याने रानसशिणीला मारलं होतं. आत दोन पिल्लं. जनावरांना हात लावायची आर्लीनला डॉक्टरांनी बंदी केलेली. "मी सांगते, तू कर," ती म्हणाली. वेंडल नाही म्हणाला असता, तर आर्लीनने पिल्लंही डेटनला नेली असती.

पहिल्याच दिवशी त्याने माती खाल्ली. रानसशीण पिल्लांना पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा पाजते, मधे फिरकत नाही, हे आर्लीनने बजावून सांगितलं होतं. पण वेंडलच्या आईच्या स्वयंपाकघरात कोणाला उपाशी ठेवण्याची पद्धत नव्हती. आजारी माणसाच्या ताटात तर दोन घास जास्तच पडत. दुपारी आर्लीनचा डोळा लागल्यावर त्याने दोघांनाही गुपचूप पोटभर दूध पाजलं. सकाळपर्यंत दोघांची पोटं नगाऱ्यासारखी फुगली. एक मेलं. दुसऱ्याला हगवण लागली.

"दुपारी कोणी पाजलं?" आर्लीनने विचारलं होतं.

"मी. भुकेजलेली दिसत होती गं."

"भुकेलं पिल्लू तग धरतं, वेंडल. फुगलेलं मरतं."

मग दूध बंद झालं. थेंब थेंब मीठ-साखरेचं पाणी, उबेला गरम पाण्याची बाटली, बोटाने पोट चोळणं आणि हे पुसणं. पण हगवण काही थांबेना. आज बोळ्याकडे बघून आर्लीनने मान हलवली.

"आता मेजरच्या मऊ लेंड्या लागतील."

मेजर हा त्यांचा पाळीव ससा, थुलथुलीत आणि शिष्ट. सशाच्या कोरड्या लेंड्या सगळ्यांना माहीत असतात. पण पहाटे तो दुसऱ्याच टाकतो, मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या; त्या खाली पडू न देता मान वळवून थेट तोंडात घेतो. त्यांतल्या जंतूंवरच सशाचं पोट चालतं.

"म्हणजे या लेकराला आता दुसऱ्याचा गू चारायचा?"

"आई असती तर तिचा खाल्ला असता. आता मेजरचा."

"त्याआधी मीच मरतो."

"मर. पण मरायच्या आधी मेजरच्या गळ्यात कॉलर बांध."

गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा बांधला की मेजरचं तोंड मागे पोचत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे वेंडल पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला आणि मेजरने त्याच्याकडे घोर अपमान झालेल्या माणसासारखं बघितलं. घोस पडला. वेंडलने तो उचलला तेव्हा तो कोमट होता आणि बोटांना चिकटत होता. बशीत पाणी घालून चमच्याने चिरडल्यावर सुटलेला वास सरळ डोक्यात गेला. तो मोरीकडे धावला. परत आला, ते मिश्रण सिरिंजमध्ये ओढलं, आणि पुन्हा धावला. या वेळी मात्र पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर आलं.

"ग्रेटाला बोलावते मी," मागून आर्लीन म्हणाली. "तू जा अंगणात."

वेंडलने चूळ भरली.

"तोवर पिल्लू गार पडेल," तो म्हणाला आणि बाहीला तोंड पुसत पुन्हा खाली बसला.

आर्लीन त्याच्याकडे बघत राहिली. त्याने पिल्लाच्या ओठांच्या कडेला थेंब ठेवला. पिल्लाने तो चाटला, आणखी मागितला. वेंडलला पुन्हा मळमळलं आणि त्याने दुसरा थेंब ठेवला.

शनिवारी सकाळी टॉवेलवर मिरीच्या दाण्याएवढी काळी गोळी पडलेली दिसली. ती तळहातावर घेऊन तो धावतच आर्लीनकडे गेला.

"फोडून बघ," ती म्हणाली.

त्याने नखाने फोडली. आत कोरडा भुसा. वास नाही.

"वाचलं बघ बिचारं," आर्लीन म्हणाली. वेंडल हसला, आणि मग त्याला उद्याचा रविवार आठवला.

"तुझी बॅग आताच दाराशी आणून ठेवू, का नॉर्मा आल्यावर?"

ती उठली आणि न्हाणीघरात गेली. दार लोटल्याचा आवाज आला. कडीचा आला नाही. जरा वेळाने आतून हाक आली.

"वेंडल."

त्याने कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि आत गेला. आर्लीन स्टुलावर बसली होती, झंपर वर धरून. मांडीवर नवी पिशवी आणि कात्री. वास दारातच भेटला आणि वेंडलचा चेहरा वेडावाकडा झाला. तो लपवण्याच्या भानगडीत तो पडला नाही.

"बादली त्या कोपऱ्यात आहे," ती म्हणाली. "लागली तर."

त्याने बादली उचलून स्वतःच्या पायाशी ठेवली आणि गुडघे टेकून तिच्यासमोर बसला.

"कुठून सोडवायचं?"

"वरच्या कडेने. सावकाश."

तो सोडवू लागला. घशाशी आलेलं त्याने दोनदा गिळलं.

"दुपारी नॉर्माला फोन लावून दे मला," आर्लीन म्हणाली.